नातीने माझ्या कानावर हेडफोन चढवला

...तर सगळ्यात आधी टपकली पुण्याची सून, मागून मुलगा आणि नात. बायांनो, मी तर एकदम खुश! गरम पोहे-जलेबी समोर मांडली.

नातीच्या गळ्यात हेडफोन होता. मी म्हटलं, माझं लग्न झालं तेव्हा मध्य प्रदेश नवा नवा होता. मामंजींनी घरीच रेडिओ जोडलेला, त्याला एकच काळा, जड हेडफोन. आधी मामंजी ऐकणार, मग दीर. सुनांची पाळी येईपर्यंत गाणं खतम! मग सासूबाई तो रिकाम्या पितळी भगोन्यात, म्हणजे पातेल्यात ठेवायच्या. आवाज घुमायचा आणि आम्ही बायका डोक्याला डोकं लावून ऐकायचो.

नात म्हणाली, "आजी, आज पूर्ण तुझाच!" आणि चढवला कानावर. काय गोड आवाज, वायरसुद्धा नाही!

एक गाणं संपलं, दुसरं लागायचं होतं. तेवढ्यात मुलाचा आवाज आला, "तुकोगंजचं हे घर विकू, पण आईला ठेवायचं कुठे?"

सून म्हणाली, "अहो, हळू!"

"तिला कुठे ऐकू येतंय!"

मी मान डोलवतच राहिले. तुम्ही असता तर हेडफोन काढला असता का गं?

जाताना सगळे पाया पडले. रंगपंचमीला परत येतो म्हणालेत.