ओल्या पत्तीचे बँडमास्तर

आमचे बँडमास्तर बोलायला लागले की समोरच्यानं छत्री उघडावी, असा तुषारवर्षाव व्हायचा! डीजे यायच्या आधीचे दिवस. नाशिकरोडला माझ्या दवाखान्याशेजारी त्यांच्या बँडची खोली होती. मी फिजिओथेरपिस्ट, त्यांच्या लेखी 'शेकवाले डॉक्टर'. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. शेजार अजून कोरडाच वाटतो.

क्लॅरिओनेटच्या तोंडाशी बसवायची वेताची पत्ती ते जिभेवर घोळवून ओली करत. कुणी पेल्यात बुडवली की भडकायचे, "पाण्यानं भिजती, वाजत नाय! तिला माणसाचं तोंड लागतं."

पन्नाशीत मधुमेहानं गाठलं आणि त्याच तोंडाचं वाळवंट झालं. जीभ टाळूला चिकटायची. पत्ती ओली होईना, सूर फाटायचा. त्यात एकुलत्या लेकीचं, सुमनचं लग्न ठरलेलं.

"डॉक्टर, गावभरच्या लेकी मी वाजवत सासरी पोचवल्या. माझ्या पोरीला दुसरा कोणी पोचवणार?"

कंबरदुखीसाठी विजेचा हलका प्रवाह देणारं मशीन माझ्याकडे होतं. गालांवर लावलं तर लाळ सुटू शकते, असं एक दंतवैद्य मित्र म्हणाला होता. दोन्ही गालांना पॅड चिकटवून मास्तर नवरदेवासारखे ऐटीत बसले.

"मुंग्या चालतायत."

"चालू द्या. चावत नाहीत."

थोड्या वेळानं त्यांचे डोळे विस्फारले. "आलं! आलं हो पाणी!" दोन थेंब माझ्या चष्म्यावर. इतका आनंद मला डिग्री मिळाल्याचाही झाला नव्हता. पण तासाभरात पुन्हा कोरड. मग आम्ही रोज बसू लागलो.

लग्नात पाठवणीआधी मांडवामागे, जरीच्या कोटातच, त्यांना पॅड लावले. पत्ती ओली झाली. सुमनला मनमाडला सासरी नेणारी जीप उभी होती. मास्तरांनी पाठवणीच्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळी अशा वाजवल्या की वऱ्हाड चहा विसरलं. मग सुमन पाया पडायला वाकली आणि सूर तुटला. डोळ्यांना धारा, तोंड ठणठणीत कोरडं. ट्रंपेटवाल्या अण्णानं तिथूनच गाणं उचललं. वऱ्हाडाला कळलंही नाही. जीप वळेपर्यंत मास्तरांची बोटं क्लॅरिओनेटवर फिरत राहिली, एकही सूर न चुकता, आवाजाशिवाय.

दुसऱ्या दिवशी मी मशीन मांडलं. "या मास्तर. भाकरी तरी गिळता येईल."

त्यांनी वायरी नीट गुंडाळून माझ्या हातात दिल्या.

"राहू द्या, डॉक्टर. आता कुणाला पोचवायचंय?"