डाव्या पायाचा ब्रेक

व्याह्यांनी डावा पाय जोरात दाबला आणि गाडी थांबली नाही. मी मागे आडवी बसले होते, दोन्ही पाय डाव्या बाजूला, त्यामुळे त्यांचा बूट मला स्पष्ट दिसत होता. त्यांनी पुन्हा दाबला. दिवे घाटाचा उतार, पुढे वळण, आणि वळणावर मेंढ्यांचा कळप रस्ताभर पसरलेला. घाबरलेला माणूस ओरडतो. व्याही ओरडले नाहीत. ते ब्रेक दाबत राहिले, आणि त्या गाडीला त्या बाजूला ब्रेक नव्हता.

व्याही म्हणजे माझ्या वासंतीचे सासरे. नारायण पेठेत राहायचे. सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली. बायको लवकर वारली. मागे राहिला एक मुलगा आणि एक फटफटी. दोघांपैकी फटफटीशी ते जास्त बोलायचे.

मी पहिल्यांदा स्थळ बघायला गेले तेव्हा दाराशी एक माणूस उकिडवा बसून रॉकेलच्या फडक्याने साखळी पुसत होता. मी मेकॅनिक समजून विचारलं, "घरात कोणी आहे का?" मान वर न करता तो म्हणाला, "नवरा मुलगा आत आहे. मी नुसता बाप आहे." मला लगेच संशय आला. इतकं सरळ बोलणारा माणूस काहीतरी लपवत असतो.

माझा स्वभावच तसा आहे, आणि त्याला कारण आहे. मी चौथी शिकले. मार्केट यार्डात आमचा गुळाचा गाळा होता, नवरा गेल्यावर तो मी चालवला. गुळाच्या ढेपेचा वरचा रंग बघून भाव ठरवणारा माणूस त्या धंद्यात टिकत नाही. ढेप फोडायची, आतला खडा काढायचा, चावायचा, मग तोंड उघडायचं. माणसंही मी तशीच घेतली. त्या दिवशी व्याह्यांच्या घरात मी सोफा दाबून बघितला, तेव्हा ते म्हणाले, "दाबा अजून. कापूसच आहे."

त्यांची फटफटी म्हणजे उलटा कारभार होता. हल्ली गाड्यांचा गिअर डाव्या पायाला असतो आणि ब्रेक उजव्या पायाला. त्यांच्या गाडीला गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. जुन्या गाड्या तशाच यायच्या म्हणे. हाताला पुढच्या चाकाचा एक ब्रेक होता, पण तो नावाला. "तो नुसता हात जोडायला आहे," व्याही म्हणायचे. सगळी भिस्त डाव्या पायावर. नोकरीला लागल्यापासून म्हातारपणापर्यंत त्यांनी दुसरी गाडी चालवली नाही.

दर रविवारी सकाळी ते ती गाडी घेऊन निघायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. कुठे गेला होतात विचारलं की म्हणायचे, "चहा प्यायला. वाईला." नारायण पेठेतून चहासाठी वाईला जाणारा माणूस मला पटेना. घरात बाई नाही, पगार चालू, तब्येत चांगली. मी वासंतीला म्हटलं, "वाईत काहीतरी आहे." वासंती म्हणाली, "आई, पुरे हं." मी पुरे केलं नाही. एका दिवाळीला सगळ्यांसमोर विचारलं. व्याही फराळाची बशी खाली ठेवून म्हणाले, "आहे ना. वाईत एक बाई आहे. चहाची टपरी चालवते. दात एकही नाही आणि साखर भरमसाट घालते. तुम्हाला भेटायचं असेल तर मागे बसा." सगळे हसले. मी हसले नाही. माणूस खरं बोलून थट्टा करतो तेव्हा त्याला पकडता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

निवृत्तीनंतर त्यांना टोळी मिळाली. लांबच्या सफरी करणारी पोरं, बहुतेक सगळी कॉम्प्युटरच्या नोकरीतली. गादीवाल्याकडून शिवून आणावीत अशी जाड जाकिटं घालून ती पहाटेच पेठेत यायची. त्यांच्या हेल्मेटमध्ये फोन असायचे. दहा फुटांवरच्या माणसाशी ती हेल्मेटमधून बोलायची आणि समोर उभ्या असलेल्या माझ्याशी नाही. त्यांच्यात कायम एकच भांडण चालायचं. अर्ध्यांना गाडी जुनी हवी, धडधड आवाजाची, गोल दिव्याची. अर्ध्यांना सगळं नवीन हवं, पडद्यावर नकाशा, गरम होणाऱ्या मुठी. पुण्यात मूठ गरम करून काय करणार, ते त्यांनाच ठाऊक. एकाने माझ्यादेखत व्याह्यांना विचारलं, "अंकल, डिस्क नाही, एबीएस नाही, तुम्ही घाट उतरता कसे?" व्याही म्हणाले, "हळू." पोराला वाटलं विनोद केला.

ही पोरं म्हाताऱ्याच्या मागे का लागतात, याचाही मला संशय होता. मिलिंदरावांना, म्हणजे जावयांना, मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "आई, त्यांना बाबांची गाडी आवडते." मी म्हटलं, "मग गाडी आवडते, बाबा नाही."

मग टोळीची कन्याकुमारीची सफर ठरली. व्याही म्हणाले, मीही येणार. त्यांची फटफटी कधी कोल्हापूरच्या पुढे गेलेली नव्हती. एक तर ती दमायची, नाही तर त्यांची रजा संपायची. आता रजेचा प्रश्न नव्हता, पण फटफटीचं वय झालं होतं आणि त्यांचंही. मिलिंदरावांनी अट घातली, जायचं तर नव्या, सुरक्षित गाडीवर.

दुकानात मीही गेले. वासंतीने मुद्दाम नेलं. व्याही एकेका गाडीसमोर उभे राहायचे आणि पुढे जायचे. "हिला डोकं आहे, चेहरा नाही," एकीबद्दल म्हणाले. शेवटच्या गाडीपाशी मात्र थांबले. त्यांच्या फटफटीचाच गोल दिवा, तीच फुगीर टाकी, सोनेरी रेघसुद्धा तशीच. बसले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. मी टाकीवर टिचकी मारली. काट्याच्या घड्याळाशेजारी काळी काच होती, विक्रेत्याने फोन जोडल्यावर तिच्यात नकाशा उमटला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मावशी, हे रेट्रो आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसायला जुनं, आतून सगळं नवीन."

"आमच्या यार्डात याला दुसरं नाव आहे."

व्याही गाडीवरून म्हणाले, "विहीणबाई, भेसळ म्हणायचंय ना तुम्हाला? म्हणा. मी तरी घेणार."

घेतली. जुनी फटफटी टोळीतल्याच एका पोराला दिली. म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता.

त्यानंतर मला त्यांच्या उजव्या पायात लाल दोरा दिसला. घोट्यावर, मोज्याच्या वर बांधलेला. आयुष्यात देवळात न गेलेला माणूस कुठल्या बुवाच्या नादी लागला, म्हणून मी वासंतीला दोष दिला. तिला माहीतच नव्हतं. मी सरळ व्याह्यांना विचारलं.

"बुवा वगैरे नाही हो," ते म्हणाले. "ब्रेक आता या पायाला आला आहे. पायाला आठवण राहावी म्हणून बांधलाय."

"राहते का?"

"आतापर्यंत राहिली आहे."

कन्याकुमारी जवळ आली तसा वासंतीचा धीर सुटला. नको म्हणायची तिची छाती नव्हती, आणि मिलिंदरावांनी गाडी स्वतःच घेऊन दिलेली. शेवटी ती माझ्याकडे आली. "आई, तू एकदा त्यांच्या मागे बस. मावशीकडे जाऊन या. तू कोणावर विश्वास ठेवत नाहीस. तू ठीक म्हणालीस तर आम्ही गप्प बसू. तू नाही म्हणालीस तर मी त्यांना जाऊ देणार नाही." माझी थोरली बहीण सासवडच्या पुढे राहते. व्याह्यांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "परीक्षेला विहीणबाई? मग मी नापासच. पण चला."

मी हेल्मेट घातलं. अंबाड्यावर ते बसेना, म्हणून वेणी घातली. आमच्या दोघांच्या मध्ये मी कापडी पिशवी ठेवली, बहिणीसाठी घेतलेल्या लुगड्याची. व्याह्यांनी मागे वळून बघितलं. "पिशवी कशाला?"

"लोक असतात रस्त्यात."

"आपली दोघांची वयं बघून लोक रुग्णवाहिका बोलावतील, दुसरं काही म्हणायचे नाहीत."

जाताना मी खोट शोधत होते. हडपसरच्या गर्दीत रिक्षा आडव्या आल्या, त्यांनी गाडी अलगद थांबवली. गतिरोधकावर मला धक्का बसू दिला नाही. घाटात ट्रकमागे निमूट चालले, पुढे घुसले नाहीत. एका पोराने त्यांना ओव्हरटेक करून मागे बघत हात केला, तर म्हणाले, "जा बाबा, तुझी कुणाशी तरी गाठ ठरलेली दिसते." बहिणीकडे जेवले, ताटात काही टाकलं नाही. मला बोट ठेवायला जागा सापडली नाही, आणि त्यामुळे मी जास्तच अस्वस्थ झाले.

परतताना घाट उतरण्याआधी ते वर थांबले. खाली मस्तानीचा तलाव दिसत होता. त्यांनी उसाचा रस घेतला, मी घेतला नाही, बर्फ कुठल्या पाण्याचा असतो कोण जाणे. ग्लास ठेवून ते म्हणाले, "बोला. निकाल काय?"

"घरी गेल्यावर."

"आत्ता सांगा की. तिथे वासंतीसमोर मला उभं करून वाचणार का?"

"माल घरात उतरल्याशिवाय मी भाव बोलत नाही."

"बरं," ते म्हणाले आणि गाडीवर बसले. हसत होते. त्यांना कळलं होतं, असं मला वाटतं. खात्री देत नाही.

मग ते वळण आलं.

नंतर एका मेकॅनिकने मिलिंदरावांना समजावलं, मिलिंदरावांनी मला. डाव्या पायाखाली आता गिअर होता. व्याह्यांनी क्लच धरला आणि ब्रेक समजून गिअर दाबला. क्लच धरल्यावर इंजिनचा लगाम सुटतो, उतारावर गाडी मोकळी धावते. हाताच्या ब्रेकला त्यांनी बोट लावलं नाही, कारण हाताचा ब्रेक हात जोडायला असतो हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. चाक न अडकू देणारे ते महाग ब्रेक दोन्ही शाबूत होते. दाबलेच नाहीत तर ते काय करणार?

पण मी मागे बसले होते, आणि मला यापलीकडचं ठाऊक आहे. गाडी रोज चालवताना ते विचार करून चालवायचे. त्या क्षणी विचाराला वेळ नव्हता. समोर तोच गोल दिवा, तीच टाकी, तीच रेघ. पायाला वाटलं, आपली जुनी फटफटी आहे. गाडी तोंडाने परकी असती तर पाय तिच्यावर इतका विसंबला नसता. हे मी टोळीतल्या पोरांना सांगितलं. ती दवाखान्यात मला बघायला आली होती, जाकिटं घालूनच. "अंकल शेवटपर्यंत रायडर होते," एक जण म्हणाला. मी म्हटलं, "शेवटी ते फसलेले माणूस होते. नवं घ्या नाही तर जुनं ठेवा. नव्याला जुन्याचा मुखवटा लावू नका."

जुनी फटफटी ज्याच्याकडे गेली होती तो पोरगा हळूच म्हणाला, "मावशी, पण मग लोक नवं घेणारच नाहीत."

व्याहीसुद्धा दुकानात शेवटच्या गाडीपर्यंत कोणतीच घेत नव्हते.

माझा खांदा मोडला होता. आडवी बसले होते म्हणून गाडीला हिसका बसला तेव्हाच मी गवतात फेकली गेले. ते गाडीबरोबर कठड्यापर्यंत गेले. लोकांनी नंतर गोष्ट केली, मेंढ्या वाचवायला त्यांनी गाडी वळवली. मी तसं काही पाहिलं नाही. मी फक्त तो बूट पाहिला.

वासंती दोन दिवस उशाशी बसून होती. मग तिने विचारलं, "आई, कशी चालवत होते ते?"

"चांगली," मी म्हटलं. "मी जा म्हणणार होते."

व्याही घाटातच गेले. मेंढी एकही मेली नाही, धनगराने माझ्यासमोर मोजून घेतल्या. आणि मी वाचले.