दवाखान्यात जायची साडी

लग्नानंतर मी नवी मुंबईत घणसोलीला निघाले तेव्हा आई मला पोचवायला वाडीवरून खाली आली होती. आमची वाडी आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरावर. पायवाट उतरेपर्यंत जुनेर, मग रस्त्यालगतच्या ओळखीच्या घरी पाय धुवायचे, पिशवीतली ठेवणीतली साडी नेसायची आणि मग एसटीला हात दाखवायचा, ही आम्हा वाडीतल्या सगळ्या बायकांची रीत. "तालुक्याला मानसानं नीट जावं गो. आपलं दुखनं लोकांना कशाला दाखवायचं?" महाडच्या डेपोत गाडी सुटताना ती एवढंच बोलली. हिरव्या साडीचा पदर खोचून उभी होती, रडली नाही.

शहरात मी लिफ्ट शिकले, बिल्डिंगमधल्या बायकांकडून हिंदी शिकले. रीत मात्र तीच राहिली. दुसऱ्या बाळंतपणानंतर कंबर धरली ती सुटलीच नाही. कळ निघायची ती थेट टाचेपर्यंत. ओपीडीला जायचं म्हणून मी वेणीफणी केली, पावडर लावली, चांगली साडी नेसले. सिस्टरनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पेशंट कुठाय?" मीच, म्हटलं. ती हसली. डॉक्टरांनी मान वर न करता "कसं काय?" विचारलं, तर मी आपली सवयीनं "बरं आहे" म्हणाले. "मग आलात कशाला? टेन्शन घेऊ नका, वजन कमी करा." दर खेपेला तेच. शेवटी माझं मलाच वाटायला लागलं, आपल्याला खरंच दुखतंय ना?

एकदा कळ सोसवेना, तेव्हा गाऊनवर ओढणी टाकून, केस न विंचरता तशीच गेले. त्या दिवशी बसायला खुर्ची मिळाली. एमआरआय लिहून दिला. मणक्यात नस दबली होती, बऱ्याच काळापासून. मी जिन्यात बसून रडले. आजार कळला म्हणून नाही. तो खरा ठरायला मला त्या अवतारात जावं लागलं म्हणून.

यंदा वीर स्टेशनला उतरून घरी गेले, तर आईला गुडघ्यांनी उभं राहवत नव्हतं. महाडच्या दवाखान्यातून "वय झालंय, आजी" ऐकून ती परत आली होती. मी म्हटलं, चल, मी येते. तिनं ट्रंकेतून हिरवी साडी काढली.

"आये, ही नको. घरातली नेस, फाटकी."

"अगं, दवाखान्यात जायाचं हाय ना?"

"म्हणूनच."

मी तिला माझं सगळं सांगितलं. ती साडीवरून हात फिरवत राहिली. "मंजे आपलं दुखनं खरं वाटाया फाटकं नेसायचं?"

ती जुनेरातच आली. ती माझा खांदा धरून, मी माझी कंबर धरून, अशा उतरलो. ओळखीच्या घरावरून जाताना तिनं पदर तोंडावर ओढला. दवाखान्यात या खेपेला मात्र गुडघे हात लावून तपासले, एक्स-रे काढला. आई सगळा वेळ जमिनीकडे बघत होती.

घरी परतल्यावर तिनं कण्हत कण्हत हिरवी साडी नेसली, ओटीवर पाय पसरून बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "लय दुखतंय गो." जन्मात पहिल्यांदा. मी तेल आणलं आणि तिच्याशेजारी टेकले. तिनं माझ्या बसण्यावरूनच ओळखलं आणि न विचारता माझ्या कमरेवर हात ठेवला.

चांगली साडी नेसून "दुखतंय" म्हटलं तरी खरं वाटावं, अशी जगात मला ही एकच ओटी उरली आहे. तीही आई आहे तोवरच.