मागून घासलेलं पातं

लेक चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बर्फावरच्या हॉकीच्या शिबिरासाठी तिची निवड झाली, सिमल्याला. दिरांनी कॅनडाहून पात्यांचे नवे बूट धाडले. बंगळुरात बर्फ कुठला? ती सतरंजीवरच उभी राहिली.

"आई, मी मागे कलंडते गं!"

गाडी तीन दिवसांवर. मी, महाशहाणी, बूट घेऊन, दोन बस करून राजाजीनगरच्या लेथवाल्याकडे गेले.

"अक्का, पातं कुठून घासू?"

"मागे पडते ना पोर? मग मागूनच घासा."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "सरी, ठीक," म्हणाला आणि घासलं.

घरी पोर बूट घालून उठली ती धप्पकन बसलीच. टाच आणखी खाली गेली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बस.

"आता पुढूनही तेवढंच घासा," मी पुटपुटले.

पातं होतं तसंच झालं, फक्त बुटकं. घरी आले तेव्हा चपला काढायचंही त्राण नव्हतं.

पंधरवड्याने सिमल्याहून लेकीचं पत्र आलं : "सर म्हणाले, बूट ठीक आहेत, गुडघे वाकव. वाकवले. आता पडत नाही."

जाऊन-येऊन आठ बस, नुसते गुडघे वाकवायला!