वाळवी तपासणारा आपला माणूस

शिवलेला सदरा हातात आला की मी आधी तो उलटा करतो. बाहेरून सगळेच शिंपी हुशार असतात. आतली शिवण बघितली की कोण किती पाण्यात आहे ते कळतं. म्हैसुरात चाळीस वर्षं मशीन चालवून एवढी अक्कल आलेल्या मी, घराची वाळवी तपासायला माणूस निवडताना काय पाहिलं, तर तो घरी मराठी बोलतो की नाही. आता हसू येतं. तेव्हा मात्र त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही वडिलांनी बांधलेलं घर विकायला काढलं. मंगळुरी कौलं, तांबडी जमीन, मागे थोडीशी बाग. तिथे माझी थोरली बहीण, अक्का, एकटी राहायची. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून वडिलांनीच तिला परत आणली होती आणि त्यांच्या मागे घर तिनंच सांभाळलं. आता तिचे गुडघे गेले होते. घर विकायचं आणि अक्कानं माझ्याकडे यायचं, असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. माझं घर म्हणजे एक हॉल, एक झोपायची खोली आणि स्वयंपाकघर. अक्कासाठी हॉलमध्ये दिवाण टाकायचा, हेही मीच ठरवलं. ती "बरं" म्हणाली. अक्का सगळ्यालाच बरं म्हणायची, त्यामुळे मला ती फार समजूतदार वाटायची.

घर घेणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. हळू बोलायचे, पण धरलेला मुद्दा सोडायचे नाहीत. त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, घर आवडलं, फक्त वाळवीची तपासणी करून कागद द्या. मला राग आला. आमच्या घराला वाळवी म्हणजे काय? तरी म्हटलं, देऊ कागद.

म्हैसुरात आम्ही मराठी बोलणारे मूठभर. त्यामुळे 'आपला माणूस' या दोन शब्दांपुढे आम्हाला दुसरं सर्टिफिकेट लागत नाही. डॉक्टर असो, प्लंबर असो, आधी तो कुणाचा कोण हे विचारायचं. विठ्ठलाच्या देवळात माझ्या शेजारी बसून टाळ वाजवणाऱ्या एकाचा जावई औषध फवारण्याची कामं करायचा. मी त्यालाच बोलावलं.

तो आला, अक्काच्या पाया पडला, कॉफी प्याला. कुणाची मुलगी कुठे दिली याची उजळणी झाली. मग त्यानं दोन-चार चौकटींवर बोटांनी टकटक केलं आणि मागच्या बागेत गेला. तिथे देवघराच्या भिंतीला लागून एक वारूळ होतं. आम्ही घरात त्याला कन्नडातल्यासारखं हुत्तच म्हणायचो. नागपंचमीला अक्का तिथे हळदकुंकू वाहायची, दूध घालायची. गल्लीतल्या बायकाही यायच्या. जावयानं लांबूनच हात जोडले आणि तो मागे फिरला. मला ते आवडलं. माणूस संस्कारी आहे, असं मी मनात म्हटलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याचा कागद आला: घरात वाळवी नाही.

घेणाऱ्या गृहस्थांनी तो कागद दोनदा वाचला आणि मला तीन गोष्टी विचारल्या. या माणसाकडे या कामाचं लायसन्स आहे का? त्यानं कुठे कुठे पाहिलं आणि कुठे पाहता आलं नाही, हे का लिहिलेलं नाही? आणि वाळवी निघाली असती तर औषधही तोच मारणार होता का? उत्तर नसलं की माझा आवाज चढतो. विश्वास नसेल तर दुसरं घर बघा, असं मी त्यांना सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, माणूस तुम्हीच निवडा, फक्त याची उत्तरं देणारा निवडा.

घरी येऊन मी बायकोपुढे तासभर धुसफुसलो. मग दुकानात मशीनवर बसल्यावर वाटलं, गिऱ्हाइकानं आतली शिवण दाखवा म्हटलं तर मला कधी राग येत नाही. राग कुणाला येतो, तर ज्याला ती शिवण कच्ची आहे हे ठाऊक असतं त्याला.

मी तीन ठिकाणी फोन लावले. पहिल्यानं पत्ता विचारायच्या आधी औषधाचा भाव सांगितला. दुसरा म्हणाला, बघायचीही गरज नाही, शंभर टक्के गॅरंटी देतो. तिसरी एक बाई निघाली, बन्नूरकडची, शेतकी कॉलेजात किड्यांचाच अभ्यास केलेली. तिनं इतके प्रश्न विचारले की मला खुर्ची ओढून बसावं लागलं. घर किती जुनं, न्हाणीचं पाणी कुठे जातं, भिंतीला लागून सरपण ठेवता का, आवारात हुत्त आहे का? हुत्त आहे पण ते देवाचं आहे, मी म्हटलं. मग चप्पल काढून बघेन, ती म्हणाली. मी फक्त तपासते, औषध विकत नाही, हेही तिनं न विचारता सांगितलं.

ती सकाळी आली. लायसन्स आधी अक्काला दाखवलं, मग मला. बॅटरी, लांब स्क्रूड्रायव्हर आणि भिंतीतली ओल मोजायचं छोटं यंत्र घेऊन ती कौलांखाली चढली, न्हाणीत वाकली, कपाटं पुढे ओढायला लावली. कॉफी काम झाल्यावर, म्हणाली. शेवटी बागेत गेली, खरंच चप्पल काढली आणि अक्काला विचारलं, हात लावू का? अक्कानं मान हलवली. वारूळ तिनं फोडलं नाही. बाजूची माती थोडी खरवडली, तर बोटाएवढ्या रुंद मातीच्या नळ्या थेट भिंतीत गेलेल्या दिसल्या.

मग तिनं कन्नडातली एक म्हण सांगितली: वाळवीनं बांधलेल्या हुत्तात साप शिरावा, तसं. ही म्हण म्हैसुरात पोरासोरांना पाठ असते. आपल्याकडे आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तीच. मीही ती शेकडो वेळा म्हटली होती, पण वारूळ वाळवी बांधते हे त्या म्हणीतच सांगितलंय, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. पुढच्या अंगणात आम्ही वाळवीवर रॉकेल ओतायचो आणि मागच्या बागेत तिच्याच घरावर दूध. मला हसू आलं आणि लगेच थांबलं, कारण ही म्हण एकदा माझ्या घरी अक्काबद्दल निघाली होती. बापाच्या आयत्या घरात बसलीय, अशा अर्थानं माझी बायको बोलली होती. मी गप्प बसलो होतो. तेव्हा आमच्याकडे आलेली अक्का स्वयंपाकघरातच होती.

भिंतीच्या आतल्या बाजूला देवघर. बाईनं उंबऱ्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. वर हळदीचा जाड थर होता, रांगोळी होती. हळदीखाली मेण होतं आणि मेणाखाली काहीच नव्हतं. मेण काही वाळवी भरत नाही. बाईनं माझ्याकडे पाहिलं, मी अक्काकडे.

"मला ठाऊक होतं," अक्का म्हणाली. "चार वर्षं झाली. दर शुक्रवारी भरत होते."

बाई कागद लिहायला बाहेर गेली. मी अक्काला विचारलं, सांगितलं का नाहीस?

"सांगून काय केलं असतंस? घर काढलं असतंस विकायला."

"पण मी तुला माझ्याकडेच नेणार होतो ना, अक्का."

ती उंबऱ्याशी बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून. "बिडु रे," ती म्हणाली. बिडु म्हणजे जाऊ दे. आयुष्यभर ती तेवढंच म्हणत आली होती. पण त्या दिवशी पुढेही बोलली. "तुझ्या हॉलमध्ये सगळे येणार-जाणार. मला घर नको. आतून कडी लावता येईल अशी एक खोली पाहिजे. नेसताना, रडताना. तेवढंच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपला माणूस म्हणून मी त्या जावयाला बोलावलं, ते तो आत बघणार नाही हे कुठेतरी कळत होतं म्हणूनच. आणि अक्का तर माझ्या रक्ताची, तिच्या बाबतीत मीही बाहेरूनच टकटक करून निघून जायचो.

बाईचा कागद तीन पानांचा होता. त्यातलं एक पूर्ण पान कुठे कुठे पाहता आलं नाही याचं. मी तो आहे तसा घेणाऱ्यांना दिला आणि उंबऱ्यातलं मेणही दाखवलं. त्यांनी घर घेतलं. चौकटी बदलायच्या हे आता माहीत आहे, म्हणाले. तुम्ही लपवलं असतंत तर गोष्ट वेगळी होती, असंही म्हणाले.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं, म्हणीसकट. ती उठली आणि झोपायच्या खोलीतल्या कपाटातून आपल्या साड्या काढून हॉलमध्ये आणून ठेवायला लागली. सुतार येऊन दाराला आतून नवी कडी लावून गेला.

अक्का रविवारी आली. जेवणं झाली, तिनं हात पुसले, खोलीत गेली आणि दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज आला. साठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या बहिणीनं माझ्या तोंडावर दार लावलं होतं, आणि मी दिवाणावर बसून डोळे पुसत होतो.