धोंडी कारभाऱ्याची दुसरी बैठक

सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावर धोंडी कारभारी आहे. कारभारी म्हणजे भांडण झाले की ओट्यावर बसून निवाडा देणारा माणूस. वय सत्तरच्या आसपास. नेमका आकडा आधार कार्डावर आहे आणि तो चुकीचा असल्याचे धोंडी सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी त्याने चुलतभावाची मुलगी फागी हिला पाड्याबाहेर काढले. वीटभट्टीच्या मुकादमाशी तिचे नाव जोडले गेले होते. मुकादमाला काढायचा प्रश्न नव्हता, तो पाड्याचा नव्हता. फागी तेव्हापासून जव्हारला एका खानावळीत भाकऱ्या भाजते.

गेल्या हिवाळ्यात शाळेतल्या हर्षालीबाईंनी भिंतीवर पोलंडचा एक जुना सिनेमा दाखवला. शंभरेक वर्षांपूर्वी तिकडच्या शेतकऱ्यांवर लिहिलेल्या जाडजूड कादंबरीवरचा. बाई मराठीत सांगत होत्या. नांगरट, लग्न, दारू, जमिनीवरून मारामाऱ्या. पाड्याला समजावण्यासारखे त्यात फार नव्हते. शेवटी गाव एका बाईला शेणाच्या गाडीत घालून हाकलते.

मग बाईंनी सांगितले, की त्याच कादंबरीवर अलीकडे नवा सिनेमा निघालाय, सगळा हाताने रंगवलेला. धोंडीने याचा अर्थ पाड्याच्या रीतीने लावला. निवाडा पचला नाही, तर त्याच गोष्टीसाठी लोक पुन्हा बसतात. म्हणजे पोलंडवाले पुन्हा बसले. दुसरी बैठक कधी दाखवता, असे तो आठवडाभर बाईंना विचारत राहिला.

शेवटी बाईंनी तोही दाखवला. त्यातही गावाने त्या बाईला हाकललेच. लोक रंगांचे कौतुक करत उठले. धोंडी बसून राहिला.

"दोनदा बसली मानसा," तो म्हणाला, "आन् तिला कोनी इचारलाच नाय."

"फागीला विचारलं होतं का?" बाईंनी विचारले.

निवाड्याच्या दिवशी फागीला ओट्याकडे फिरकू दिले नव्हते. बंदी धोंडीचीच होती.

पुढच्या बाजाराला तो जव्हारला गेला आणि खानावळीच्या मागच्या दारी उभा राहिला. पुन्हा बसू म्हणाला. फागीने भाकरी उलटली.

"येन काका. पन आदी मी बोलंन. तुमी मंग."

बैठकीत ती सव्वा तास बोलली. धोंडीने मध्ये तोंड घातले नाही, हे लोकांना नवीन होते. सगळ्यांनी तिला परत यायची मोकळीक दिली. फागीने विचार करून सांगते म्हटले आणि चारच्या एसटीने ती निघून गेली.

त्याला सात महिने झाले. धोंडी दर बाजाराला तिच्या खानावळीत जेवतो. विचारत काही नाही.