धुक्यात शेळीमागे

आमची पोस्ट पूर्व लडाखच्या पठारावर, एका नदीकाठी होती. मी हवालदार, रेडिओ माझ्याकडे होता. माझं गाव मावळातलं कान्हे. नाईक विलास ओव्हाळ त्याच कंपनीत होता, लोणावळ्याला लागून असलेल्या कुसगावचा. एका तालुक्यातले म्हणून ड्युटी संपली की तो मला भाऊ म्हणायचा.

पोस्टजवळ नोर्बू नावाच्या पशुपालकाचा तंबू होता. त्याच्या शेळ्या पश्मिन्याच्या. उन्हाळ्याच्या तोंडावर तो एकेक शेळी आडवी पाडायचा आणि वरच्या राठ केसांखालची मऊ लोकर लोखंडी फणीने विंचरून काढायचा. ही लोकर कात्रीने कापत नाहीत. विलास लहानपणापासून शेळ्यांमागे फिरलेला. सवड मिळाली की तिथे जाऊन शेळीचे पाय धरून बसायचा.

"भाऊ, ह्या स्वेटर घालूनच जन्मल्यात," तो एकदा म्हणाला. "कुसगावच्या पावसात नेल्या तर भिजून गोधड्या व्हतील. वाळत घालायला दोरी पुरायची न्हाई."

"आईला एक घेऊन जा."

"आई इचारंल, लोकरीचं ऱ्हाऊ दे, दूध किती देती?"

एप्रिलमध्ये, शेळ्या विण्याच्या दिवसांत, अवेळी मोठा बर्फ पडला. नोर्बूचा कळप नदीपलीकडे अडकला. बर्फावरच्या उन्हाने त्याचे डोळे सुजून बंद झाले होते. बायकोचा हात धरून तो पोस्टवर आला.

"साब, आज नहीं आयी तो सब मर जाएगी."

मेजर साहेबांनी तीन जणांची पार्टी पाठवली. विलास पार्टी कमांडर होता. वरच्या अंगाला नदी उथळ आणि तळापर्यंत गोठलेली होती. तिथून लाल झेंड्यांनी रस्ता आखलेला होता. पार्टी त्याच रस्त्याने गेली. दुपारी कळप मिळाल्याचा मेसेज आला. परत निघताना ढग जमिनीपर्यंत उतरले.

"झेंडे दिसत नाहीत. ओव्हर."

मेजर साहेब माझ्या शेजारी उभे होते. "त्याला सांगा, जागेवर थांब."

मी सांगितलं. उत्तर आलं, "थांबलो तर शेळ्या गारठतील, साहेब. दोन विण्याच्या बेतात आहेत. शेळ्या पुढे सोडतो, आम्ही मागून येतो. धुक्यात शेळी वाट चुकत नाही. आईनं शिकवलंय. ओव्हर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही त्याच भागातले. हे खरं आहे?"

मावळात हे खरं आहे. पावसाळ्यात डोंगरावर धुकं उतरलं की पुढे केलेला हात दिसत नाही. शेळ्या राखणाऱ्या प्रत्येक पोराला घरून सांगितलेलं असतं की घाबरायचं नाही, शेळ्यांच्या मागे चालायचं. मीही तसा घरी पोहोचलो आहे.

"खरं आहे, साहेब."

"परवानगी द्या."

मी दिली.

शेळ्या वाट चुकल्या नाहीत. झेंड्यांचा वळसा मात्र त्यांनी घेतला नाही. पोस्टसमोरच्या खोल पात्रावरून त्या सरळ निघाल्या. तिथला बर्फ एप्रिलमध्ये पातळ होत आला होता. शेळीला तो पेलत होता. बूट, कोट आणि रायफल घेतलेल्या माणसाला पेलणार नव्हता.

आम्हाला आधी घंटा ऐकू आल्या. मग पांढऱ्यातून शेळ्या बाहेर आल्या. मागोमाग रेडिओवर दुसऱ्या जवानाचा आवाज आला.

"विलास पाण्यात. विलास पाण्यात."

ओव्हर म्हणायचं तो विसरला.

कमरेला दोर होता, त्यामुळे दोघांनी त्याला बाहेर ओढलं. आम्ही स्ट्रेचर घेऊन पोहोचलो तेव्हा तो बोलत नव्हता. त्या हवेत हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं. दिवस मावळण्याआधी विलास गेला.

नोर्बू डोळ्यांवर पट्टी बांधून बाहेर बसला होता. "बकरी मेरी थी, बेटा किसी और का," एवढंच म्हणाला. तेव्हापासून दर उन्हाळ्यानंतर तो लोकरीचं एक गाठोडं पाठवतो. सुट्टीवर येणारा एखादा जवान ते माझ्याकडे आणतो. मी आता निवृत्त आहे. ते कुसगावला पोहोचवणं माझ्याकडे आहे.

विलासची आई, शेवंतामावशी, हॉटेलांच्या मागच्या आळीत राहते. दारात दोन शेळ्या असतात. आत बुद्धाच्या तसबिरीशेजारी विलासचा युनिफॉर्ममधला फोटो आहे. दर वर्षी ती गाठोडं घेते आणि विचारते, "पान्याला लय भ्यायचा रं त्यो. बर्फावर गेलाच कसा?"

दर वर्षी मी सांगायचो, "ड्युटीवर होता, मावशी."

सत्काराच्या भाषणांतही मी हेच सांगितलं. ते खोटं नव्हतं. अपुरं होतं. विलासचे रेडिओवरचे शेवटचे शब्द सांगितले तर त्याच्या मरणाचं ओझं तिच्यावर पडेल, असं मी स्वतःला समजावत होतो. त्याआड माझा होकारही झाकला जात होता.

या वर्षी मी गेलो तेव्हा ती शेळ्यांना पाला टाकत होती. गाठोडं मांडीवर घेतलं. प्रश्न विचारला नाही.

"शेळ्यांच्या मागं चालला आसंल," ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी खाली बसलो.

"मीच शिकवलं हुतं त्याला. पह्यल्यापास्नं मनात हाये माज्या. तू येशील, न्हाई म्हनशील, म्हनून इचारत ऱ्हायले. तू आपला ड्युटी, ड्युटी."

इतकी वर्षं त्या विचारासोबत मी तिला एकटीला ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"व्हय मावशी. तसाच चालला," मी म्हणालो. "पण साहेबांनी मला इचारलं हुतं, हे खरं का म्हणून. मी खरं म्हणालो. म्हणून परवानगी मिळाली."

तिने गाठोड्याची गाठ सोडली. लोकरीचा एक पुंजका काढून बराच वेळ बोटांनी मोकळा करत राहिली. शेळीने मान पुढे केली, तर तिला हाताने मागे सारलं.

"तुला कुनी शिकवलं हुतं?"

"माझ्या आईनं."

"हाये का अजून?"

"हाय. कान्ह्याला, माझ्याकडंच."

"मग तिला सांगू नगंस."

नोर्बूची सगळी गाठोडी तिने पत्र्याच्या पेटीत ठेवली आहेत. हेही तिथेच गेलं. निघताना तिने नेहमीसारखा जय भीम केला. मीही केला.

माझ्या आईला आता डोळ्यांनी कमी दिसतं. विलास एकदा आमच्या घरी जेवून गेला होता. त्याने तिसरी भाकरी मागून घेतली होती, हे तिच्या लक्षात आहे. कुसगावहून आलो की ती त्याची आठवण काढते.

"कसा गेला रं त्यो पोरगा?"

"ड्युटीवर होता, आई."